नौदलाच्या बंदरी टगचं आयुष्य नक्की कशाने संपतं?

प्रश्न असा आहे: नौदलाचे बंदरी टग, म्हणजे मोठी जहाजं ओढून-ढकलून हलवणाऱ्या छोट्या दणकट बोटी, साधारण २० वर्षांच्या सेवेसाठी बांधतात. मग काही टग पन्नाशी ओलांडूनही ओढत राहतात आणि काही पंधराव्या वर्षीच निकामी ठरतात, असं का? आणि आयुष्य वाढवायचं तर पैसा आणि वेळ कुठे घालायचा?

आधी कामाचं स्वरूप बघू, कारण झीज त्यातूनच येते. खासगी बंदरातला टग दिवसभर जहाजं आत-बाहेर करत असतो. नौदलाचा टग तासन् तास धक्क्याला बांधून असतो. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो, त्यामुळे मोठं जहाज हलवायचं ते प्रवाह मंदावलेला असताना. त्या अर्ध्या-पाऊण तासात टगला शून्यापासून पूर्ण ताकदीपर्यंत अनेकदा जावं लागतं, मग पुन्हा धक्का, पुन्हा मंद इंजिन. वर्षाचे इंजिन-तास भरतात हजार-दीड हजार, आणि त्यातला मोठा भाग जवळपास बिनभाराचा. नौदलाचा टग ओढून मरत नाही, उभा राहून मरतो, असं माझं मत आहे. देखभालीचं वेळापत्रक मात्र बहुतेक ठिकाणी इंजिन-तासांवर बेतलेलं असतं. गडबड तिथेच सुरू होते.

इंजिन घ्या. १६००-१८०० आरपीएमच्या हायस्पीड डिझेलचं मोठं ओव्हरहॉल साधारण २० हजार तासांच्या पुढे येतं. वर्षाला हजार तासांच्या हिशोबाने ते २० वर्षांनी आलं पाहिजे. कागदावर उत्तम. पण रबरी होज, ओ-रिंग, फ्लेक्झिबल कपलिंगमधलं रबर, इंजिनखालचे माउंट, क्रँकशाफ्टचा डँपर हे तास मोजत नाहीत, वर्षं मोजतात. दहा वर्षांच्या टगवर इंजिन 'फक्त नऊ हजार तासांचं' म्हणून कौतुक होतं आणि डिझेलचा होज बांधणीच्या वेळचाच असतो. तो गरम एक्झॉस्टवर फुटला की इंजिनरूमला आग. रबरी होज पाच वर्षांनी, दिसायला चांगला असला तरी, बदलायचा. कपलिंगच्या रबरावर नखाने दाबून भेगा बघायच्या. काळी पूड खाली पडलेली दिसली तर अलाइनमेंट तपासल्याशिवाय नवं रबर बसवू नका, नाहीतर तेही वर्षात खलास.

दुसरा आजार कमी भाराचा. २५-३० टक्क्यांखाली तासन् तास चाललेल्या डिझेलमध्ये ज्वलन अर्धवट होतं, टर्बोच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) नोझल रिंगवर काजळी बसते, लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तराला, काचेसारखी चकाकी येते आणि रिंगा तेल धरत नाहीत. एक्झॉस्टच्या जोडातून काळं तेल गळताना दिसलं की समजा हे सुरू झालं. न जळालेलं डिझेल लायनरवरून खाली उतरून वंगणात मिसळतं. तेलाची व्हिस्कॉसिटी नव्यापेक्षा २० टक्क्यांनी खाली आली किंवा डिझेलचं प्रमाण ५ टक्क्यांकडे गेलं तर तेल बदला, आणि तेवढ्यावर न थांबता इंजेक्टरही उतरवून टेस्ट बेंचवर लावा. उपाय फुकटचा आहे: आठवड्यातून एकदा टग मजबूत बोलार्डला (धक्क्यावरच्या दोर बांधायच्या खुंट्याला) बांधून भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा. ५० टक्क्यांवर दहा मिनिटं, ७५ वर अर्धा तास, मग हळूहळू खाली आणून पाच-सात मिनिटं मंद चालवून बंद. पहिली काही मिनिटं चिमणीतून काळा धूर येतो, ती काजळी जळते. धूर बघून धक्क्यावरचे साहेब ओरडतात म्हणून हे टाळणारे पुष्कळ आहेत. शेजारच्या जहाजाला आधी कळवा आणि खुशाल करा. बांधलेल्या अवस्थेत जॅकेटचं पाणी ४०-५० अंशांवर ठेवणारा हीटर चालू असावा आणि सुरू करण्याआधी बेअरिंगांना तेल पोचवणारा प्रीलुब पंप फिरवावा. थंड आणि कोरड्या बेअरिंगवरचा प्रत्येक स्टार्ट महाग पडतो.

अमेरिकी नौदलाच्या नॅटिक वर्गाच्या टगांचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सत्तरहून जास्त टग बांधले गेले. १०९ फूट लांबी, एकच प्रोपेलर, फेअरबँक्स-मोर्सचं ३८डी८-१/८ हे ऑपोज्ड-पिस्टन इंजिन आणि सुमारे २००० अश्वशक्ती. या इंजिनात एका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, वर एक आणि खाली एक क्रँकशाफ्ट. सिलिंडर हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांत याच घराण्यातली इंजिनं होती, त्यामुळे सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक दोन्ही दीर्घकाळ मिळत राहिले. नौदलाने टग काढून टाकल्यावर त्यातले बरेच खासगी कंपन्यांनी घेतले आणि पुढे अनेक वर्षं वापरले. खोड एकच: जास्त वेळ मंद चाललं की एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये वंगण तेल साचतं. मग एकदम पूर्ण भार दिला तर ते पेटतं. म्हणून भार टप्प्याटप्प्यानेच वाढवायचा, आणि हा नियम आजच्या चार-स्ट्रोक इंजिनालाही तेवढाच लागू आहे.

नॅटिक वर्ग नौदलातून गेला त्यात पोलाद गंजण्यापेक्षा मोठं कारण म्हणजे काम बदललं. एका प्रोपेलरचा टग पुढे उत्तम ओढतो, पण आडवा सरकू शकत नाही. आजच्या कामाला ३६० अंश फिरणाऱ्या झेड-ड्राइव्हचा टग लागतो. अमेरिकी नौदलाने २००९ च्या सुमारास आणलेले व्हॅलियंट वर्गाचे टग ९० फुटांचे, म्हणजे नॅटिकपेक्षा आखूड, पण ताकद सुमारे ३६०० अश्वशक्ती. जुना टग धडधाकट असूनही कालबाह्य ठरतो तो असा. आपल्याकडेही जहाजं मोठी होत गेली तसे २५ टनी टगांच्या जोडीला ५० टन बोलार्ड पुलचे टग आले.

बोलार्ड पुल म्हणजे जागच्या जागी उभं राहून टग दोरावर जेवढा ताण देतो तो. ठोकताळा असा की नोझलमधल्या, म्हणजे भोवती कडं असलेल्या, प्रोपेलरला दर १०० अश्वशक्तीमागे साधारण १.२ ते १.३ टन मिळतात, उघड्या प्रोपेलरला एक टनाच्या आसपास. टगच्या तब्येतीचं एकच मोजमाप निवडायचं झालं तर मी हेच निवडेन. चाचणी नीट घ्यायला पाणी शक्यतो २० मीटर खोल हवं, निदान टगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे पाण्यात बुडालेल्या खोलीच्या, दुप्पट तरी. दोर टगच्या लांबीच्या दुपटीपेक्षा कमी नको, प्रवाह एका नॉटच्या आत, वारा मंद, आणि ताण मोजणाऱ्या लोड सेलचं कॅलिब्रेशन चालू तारखेचं. १० मिनिटांची सरासरी धरायची, क्षणभराचा सर्वोच्च आकडा नाही. उथळ धक्क्याजवळ, भिंतीवर पाणी मारत घेतलेली चाचणी टगला हमखास कमजोर दाखवते. त्यावरून इंजिन उघडायला निघणं हा शुद्ध वेडेपणा.

खरोखरच पुल १० टक्के उतरला असेल तर कुठे बघायचं? तळाला शेवाळ आणि बार्नेकल (चिकटून बसणारे कवचधारी जीव) बसलेत म्हणून पुल कमी आला, हे उत्तर फार ऐकू येतं आणि ते चूक आहे. टग जागेवर उभा असताना तळाच्या घर्षणाचा संबंध येत नाही. शेवाळाने वेग मरतो. प्रोपेलरच्या पात्यांवरचे बार्नेकल मात्र पुल खातात. मग पात्याची टोकं आणि नोझल यांतली फट. दोन मीटर व्यासाच्या प्रोपेलरला ती साधारण १० मिलिमीटर असते. पातं एखाद्या लाकडाच्या ओंडक्यावर आपटून टोक वाकलं किंवा नोझलची आतली बाजू खचली की फट वाढते आणि नोझलचा फायदा निघून जातो. त्या पट्ट्यात स्टेनलेस स्टीलची रिंग वेल्ड केलेली असते. तिच्या वेल्डला केसाएवढी चीर गेली तरी आत पाणी शिरतं आणि मागचं साधं पोलाद झपाट्याने खाल्लं जातं. गोदीत टग वर आला की त्या रिंगवर छोट्या हातोडीने गोल फिरत ठोकायचं. पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण करायची आणि रिंग कापून उघडायची. वरून रंग मारून पुढच्या डॉकिंगवर ढकलली की नोझलच बदलावं लागतं. हे सगळं ठीक असेल तर टर्बोचा बूस्ट प्रेशर आणि इंधनाचं प्रमाण ठरवणारा फ्युएल रॅक पूर्ण उघडतोय का ते बघा.

आता सांगाडा, म्हणजे हल. शेवटचा निकाल इथेच लागतो, कारण इंजिन बदलता येतं. टगच्या प्लेटा जाडीच्या मानाने दणकट असतात, ८ मिलिमीटर सर्वसाधारण आणि टेकायच्या पट्ट्यात १०-१२. जाडी २०-२५ टक्क्यांनी घटली की प्लेट बदलायची, म्हणजे ८ ची ६ झाली की संपलं. अल्ट्रासोनिक मीटरने मोजताना सगळे उघड्या, सहज हात पोचणाऱ्या जागा मोजतात आणि अहवाल सुंदर येतो. गंज बसतो तो कडेच्या, धक्के झेलणाऱ्या रबरी फेंडरच्या मागे, जिथे पट्ट्या आणि बोल्टांच्या फटीत खारं पाणी कायम असतं. तसाच चेन लॉकरच्या तळाशी, इंजिन बेडच्या खालच्या बिल्जमध्ये (तळाच्या पाणी साचणाऱ्या पोकळीत), पिछाडीच्या टाकीत, सी-चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पेटीच्या) भोवती आणि बुलवर्कच्या पायथ्याशी. दर डॉकिंगला फेंडरचे निदान दोन-तीन तुकडे, दरवेळी वेगवेगळे, उतरवून मागची प्लेट मोजा. रबर उतरवायचा खर्च वाचवला की पाच-सहा वर्षांनी आख्खा पट्टा बदलायची वेळ येते. फ्रेमांच्या मधे प्लेट दबून बरगड्या दिसायला लागणं हे टगच्या नशिबातच आहे, त्याने घाबरू नका. आतून फ्रेम आडवी झुकली असेल किंवा तिचा ब्रॅकेट फाटला असेल तर मात्र थांबा.

तळाचं पोलाद वाचवायला स्वतः झिजणाऱ्या झिंक ॲनोडचा हिशोब बऱ्याच ठिकाणी 'मागच्या वेळी होते तेवढेच लावा' असा होतो. हिशोब सोपा आहे. पाण्याखालचं क्षेत्र ३२० चौरस मीटर धरा. रंग शाबूत असेल तर चौरस मीटरला २० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण ६.४ अँपिअर. दोन वर्षांचे १७,५२० तास, म्हणजे सुमारे १,१२,००० अँपिअर-तास. जस्ताचा किलो ७८० अँपिअर-तास देतो, म्हणून १४४ किलो. ॲनोड ८५ टक्के झिजेपर्यंतच भरवशाचा, म्हणून १७० किलो. ॲल्युमिनियमचे घेतले तर किलोला २५०० धरून सुमारे ५३ किलो पुरतात. दोन वर्षांनी ॲनोड कोरे करकरीत निघाले तर खुश होऊ नका. कोणीतरी त्यावर रंग मारलाय किंवा त्यांचा हलशी विद्युतसंपर्कच नाही, आणि त्याची किंमत तळाने मोजली आहे.

नौदलाच्या गोदीत याहून वाईट शत्रू म्हणजे शेजारची वेल्डिंग. टग ज्या जहाजाच्या बाजूला बांधलेला असतो त्यावर दिवसभर वेल्डिंग चालतं. मशीन धक्क्यावर, आणि रिटर्न केबल आळसाने धक्क्याच्या लोखंडाला अडकवलेली. मग करंट परतीची वाट पाण्यातून शोधतो आणि पोलादातून जिथे बाहेर पडतो तिथलं पोलाद घेऊन जातो. महिनाभरात चकचकीत, खोल, गोल खड्डे पडतात. साध्या गंजाचा खड्डा तपकिरी आणि खरबरीत असतो, हा स्वच्छ धातूसारखा दिसतो. रिटर्न केबल ज्या जहाजावर काम चाललंय त्याच्याच हलला, कामाच्या जवळ, क्लँपने लावलेली आहे ना, हे टगच्या सारंगानेच फिरून बघायला हवं. दुसरं कोणी बघत नाही. किनाऱ्याच्या विजेच्या जोडणीतही हाच धोका आहे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय कायमची जोडणी ठेवू नये.

मुंबई बंदराचं पाणी गढूळ. गाळाने प्रोपेलरच्या शाफ्टचं, पाण्यावर चालणारं स्टर्न ट्यूब बेअरिंग झिजतं, म्हणून दर डॉकिंगला शाफ्टचं वेअरडाउन, म्हणजे तो किती खाली बसला ते, मोजून मागच्या आकड्याशी ताडायचं. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जाळ्यांचे तुकडे सी-चेस्टमध्ये जातात, तेव्हा स्ट्रेनर दर पाळीला साफ करायचे. पाण्याचं तापमान वाढल्याचा अलार्म वाजायची वाट बघायची नाही. झेड-ड्राइव्हवर नायलॉनचा बारीक दोरा शाफ्ट सीलमध्ये शिरून ओठ कापतो. तेलाचा नमुना महिन्याला काढा. दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय, आणि बेअरिंगांचे दिवस भरत आले.

डॉकिंग दोन-अडीच वर्षांनी, आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. रंगाला आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर लागतं. जुलैत मुंबईत हे गणित जमत नाही. जमवल्याचं दाखवतात आणि वर्षात पापुद्रे सुटतात. टग वर आल्या आल्या, तळ ओला असतानाच, हाय-प्रेशर पाण्याने धुवा. बार्नेकल वाळले की त्यांचे बूड खरवडताना रंगही निघतो. आणखी एक गोष्ट: स्वतः झिजत राहणारा अँटिफाउलिंग (शेवाळ-बार्नेकल रोखणारा) रंग जहाज चालत राहील या हिशोबाने बनतो. महिन्यातले बहुतेक दिवस बांधून असणाऱ्या टगला तो नीट लागू पडत नाही. कंपनीला टग किती वेळ उभा असतो ते स्पष्ट सांगून त्याप्रमाणे प्रकार मागा.

ओढायचा दोर अडकवायच्या टोइंग हुकबद्दल कडक बोलायला हवं, कारण इथे टगचं आयुष्य मिनिटाभरात संपतं. दोर बाजूला गेला आणि मोठं जहाज पुढे सरकत राहिलं तर टग आडवा ओढला जाऊन उलटतो. वाचवतो तो फक्त क्विक रिलीज, म्हणजे दोर झटकन सोडणारी कळ. तो व्हीलहाउसमधून, हुकजवळून हाताने, आणि वीज गेलेली असतानाही सुटला पाहिजे. मोकळ्या हुकवर 'खट्' आवाज झाला म्हणजे चाचणी झाली असं नव्हे. ताणाखाली, आणि दोर बाजूला असतानाही सोडून बघा. पिन ग्रीस न मिळाल्याने ताणाखालीच अडकते. हुकच्या पायाच्या वेल्डला वर्षातून एकदा डाय-पेनेट्रंट (चिरा दाखवणारा रंग) लावा. ओढताना मुख्य डेकचे सगळे दरवाजे बंद. इंजिनरूममध्ये उकडतंय म्हणून दरवाजा दोरीने उघडा बांधणाऱ्या इंजिन ड्रायव्हरला तिथल्या तिथे झापलं पाहिजे.

दोराची तुटण्याची ताकद पुलच्या किमान अडीचपट ठेवा, २५ टनी टगला ६२-६३ टनांच्या वर. हलके एचएमपीई (एका कृत्रिम धाग्याचे) दोर ताकदीचे, पण उष्णता आणि खरबरीतपणा त्यांना सोसत नाही. जुन्या वायर दोराने बिटवर (डेकवरच्या दोर गुंडाळायच्या खांबावर) पाडलेल्या खाचा ग्राइंडरने गुळगुळीत केल्याशिवाय नवा दोर चढवू नका. आधी बिटवर जुना नायलॉनचा मोजा फिरवून बघा. जिथे अडकेल तिथे दोर कापला जाणार.

युद्धनौकेची प्लेट टगच्या मानाने पातळ असते, त्यामुळे ढकलायचं ते फ्रेम किंवा बल्कहेड असलेल्या, खूण केलेल्या जागीच. सोनार डोम (पाण्याखालच्या ध्वनियंत्राचा घुमट) असलेल्या विनाशिकेच्या नाळेपाशी पाण्याखाली काय आहे ते विसरायचं नाही. पाणबुडीचा फुगवटा पाण्याखाली असतो, म्हणून मधे मोठे हवेचे फेंडर किंवा तराफा घालतात. टगचं स्वतःचं फेंडर तिथे पोचतच नाही. रबर जुनं होऊन दगडासारखं झालं की ते धक्का शोषत नाही, पुढे ढकलतं, आणि तो हिशोब टगच्याच फ्रेमांकडून वसूल होतो.

आग विझवण्याची यंत्रणा वर्षानुवर्षं वापरात येत नाही आणि म्हणूनच सडते. खाऱ्या पाण्याने सराव झाला की गोड्या पाण्याने लाइन धुऊन, सर्वात खालचा ड्रेन उघडून रिकामी करायची. पंपाचा क्लच महिन्यातून एकदा गुंतवा, नाहीतर तो जाम होतो. होगा हा अमेरिकी टग ३१ डिसेंबर १९४० ला पाण्यात उतरला. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये त्याने जळत्या ॲरिझोना युद्धनौकेजवळून व्हेस्टल हे दुरुस्ती-जहाज ओढून बाजूला काढलं, नेवाडा युद्धनौकेला किनाऱ्याला टेकवायला मदत केली आणि ॲरिझोनाच्या आगीवर पाणी मारलं. १९४८ पासून १९९० च्या दशकापर्यंत तो ओकलंड शहराची अग्निशमन बोट होता आणि आता अर्कान्सासमध्ये संग्रहालयात आहे. पंप वापरात राहिले, आणि काम बदललं तसं त्याला नवं काम मिळालं.

आपल्याकडे टग काढायचा निर्णय 'बीईआर', म्हणजे दुरुस्ती परवडत नाही, या शेऱ्यावर होतो. पोलाद किती टन बदलायचं, कंट्रोल पॅनेलचे सुटे भाग मिळतात का, आणि वर्षानुवर्षं चढवलेल्या सामानाने टग किती जड झाला आहे, या तिन्हींची उत्तरं एकत्र बघावीत. तिसरं फार जण विसरतात. रंगाचे थर, जादा लॉकर, वर बसवलेला एसी, सगळं डेकच्या वर, आणि स्थिरता कमी होत जाते. मोठा फेरबदल झाला असेल तर इन्क्लायनिंग (स्थिरता मोजायची) चाचणी पुन्हा घ्या.

त्यानंतर ई-लिलाव, आणि मग एकतर खासगी मालक किंवा मुंबईच्या दारूखान्यासारख्या भंगारतळाचा कटर. चालवायला म्हणून घेणार असाल तर इंजिनरूम रंगवलेली बघून भाव ठरवू नका. शेवटच्या दोन डॉकिंगचे जाडीचे अहवाल, वेअरडाउनचे आकडे आणि तेलाच्या तपासण्या मागा. कागद मिळाले नाहीत तर फेंडर, नोझल रिंग आणि सी-व्हॉल्व्ह सगळं बदलायचंय असं धरून बोली लावा.